शरीर सुंदर वाटलेच पाहिजे, ही अट आपण काढून टाकूया

शरीराविषयी आत्मविश्वास कसा वाढवावा, असे कोणी विचारले की बहुतेक वेळा ठरलेला सल्ला मिळतो: आरशासमोर उभे राहा आणि ‘मी सुंदर आहे’ असे स्वतःला रोज सांगा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज असते, त्यांनाच तो सर्वांत कमी लागू पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, मुळातच स्वतःला कमी लेखणाऱ्या लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले, तेव्हा त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. मनाला जे पटत नाही ते त्याच्या गळी उतरवू लागलो की ते तत्काळ उलटे पुरावे मांडते: दंड बघ, पोट बघ, चेहऱ्यावरचे डाग बघ.

माझ्या मते मूळ दुखणे कुरूप वाटण्याचे नाही, तर सतत स्वतःकडे बाहेरून पाहत राहण्याचे आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये हा विचार सिद्धान्तरूपाने मांडला आणि पुढच्याच वर्षी, सहकाऱ्यांसह, त्याला एका साध्या प्रयोगाची जोड दिली. विद्यार्थिनींना आरसा असलेल्या खोलीत एकटीने कपडे घालून पाहायला सांगितले. काहींना स्वेटर दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. ते कपडे अंगावर असतानाच त्यांना गणिते सोडवायला दिली, तेव्हा पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींची कामगिरी कमी ठरली. त्यांना पाहणारे तिथे कोणीही नव्हते. दुसऱ्याची नजर त्यांनी आपल्यासोबत आत नेली होती, आणि जी बुद्धी गणिताला लागायची ती स्वतःवर पहारा देण्यात खर्च झाली. फोटो काढताना पोट आत ओढून धरणाऱ्या, बसताना मांडीवर उशी ओढून घेणाऱ्या प्रत्येकाला हा पहारा ओळखीचा असेल. त्यात किती आयुष्य जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही नजर आपण जन्मतः घेऊन येत नाही. फिजीच्या एका भागात दूरचित्रवाणी १९९५ मध्ये पोहोचली. तेथे भरलेले, दणकट शरीर पूर्वापार चांगले मानले जात असे. संशोधक अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी किशोरवयीन मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आढळली नाही; १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होते. पाहणी लहान होती आणि दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या, हे लक्षात ठेवूनही मला हा बदल अस्वस्थ करतो. आज पडदा आपल्या हातात आहे आणि त्यावरचा चेहरा फिल्टरने गुळगुळीत केलेला आपलाच असतो, म्हणजे तुलना आता स्वतःच्याच अशा रूपाशी होते जे कधी अस्तित्वातच नव्हते. जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसे छायाचित्रावर नमूद करण्याचे बंधन नॉर्वेने २०२२ पासून घातले. कायदा योग्यच आहे, पण आत बसलेली नजर त्याने निघत नाही.

ती हलते ती लक्ष दुसरीकडे नेल्याने. नेदरलँड्समधील संशोधक जेसिका अलेवा यांनी स्त्रियांना आपले शरीर काय काय करते, याविषयी थोडे थोडे लिहायला सांगितले. त्यानंतर त्यांचे शरीराविषयीचे समाधान वाढलेले दिसले. मला हा मार्ग पटतो, कारण त्यात खोटे काही बोलावे लागत नाही. मांड्या जाड आहेत की नाहीत हा वाद मिटवायची गरज उरत नाही. त्या जिना चढवतात, हे निर्विवाद असते. मात्र ‘शरीर काय करते’ याचा अर्थ केवळ धावणे आणि वजन उचलणे असा घेतला, तर आजारी, वृद्ध आणि अपंग माणसांवर तो नवा अन्याय ठरेल. जखम भरून येणे, थंड वाऱ्याची झुळूक जाणवणे, रडू येणे, झोप लागणे, कोणाला तरी जवळ घेता येणे, हेही शरीराचेच काम आहे. रात्री झोपण्यापूर्वी यांपैकी दोन-तीन गोष्टी लिहून पाहा, आणि त्या लिहिताना दिसण्याचा उल्लेख कटाक्षाने टाळा.

‘स्वतःशी इतके मऊ वागलो तर आळशी होऊ’ ही शंका मला नेहमी ऐकू येते. ती प्रामाणिक असली तरी चुकीची आहे. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत, वजनावरून भेदभाव सोसावा लागलेल्या माणसांमध्ये पुढील काही वर्षांत लठ्ठपणा येण्याची शक्यता कमी नव्हे, तर जास्त आढळली. लाज वाटली की माणूस व्यायामाची जागा आणि दवाखाना दोन्ही टाळू लागतो. ज्याची काळजी वाटते त्यालाच आपण वेळेवर खाऊ घालतो आणि डॉक्टरांकडे नेतो.

पुरुषांविषयी आपण फारच कमी बोलतो. पुरेसे पीळदार नसल्याच्या भीतीने तासन्‌तास व्यायाम करणारे, टक्कल लपवण्यासाठी टोपी न काढणारे मुलगे याच पहाऱ्यात अडकलेले असतात. दिसण्याचा विचार रोजचे काही तास खात असेल, जेवण टाळले जात असेल किंवा घराबाहेर पडणे अशक्य झाले असेल, तर स्त्री असो वा पुरुष, लिहिण्यासारखे उपाय पुरे पडणार नाहीत. हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात उशीर करू नये.

इतरांशी बोलण्याबाबत माझी एक विनंती आहे. बऱ्याच दिवसांनी कोणी भेटल्यावर ‘किती बारीक झालीस!’ हे कौतुक म्हणूनही बोलू नका. ते वजन आजाराने, शोकाने किंवा उपासमारीने उतरले आहे का, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि शेजारी उभे असलेले मूल ते ऐकून स्वतःच्या पोटाकडे पाहते. त्याऐवजी सध्या काय चालले आहे, ते विचारा.