स्पॅन पोर्टला न दिसणारं ट्रॅफिक

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनचं (व्हीएमचं) ट्रॅफिक कसं बघावं, यावर थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की फिजिकल स्विचवर स्पॅन पोर्ट (इतर पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत मिळणारा पोर्ट) लावला की सगळं ट्रॅफिक दिसतं. तेवढ्यानं भागलं नाही तर व्हीस्विचवर (होस्टमधल्या व्हर्च्युअल स्विचवर) प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांची पॅकेटही बघू देणारी सेटिंग) 'अ‍ॅक्सेप्ट' करावा. वेगळा पोर्ट ग्रुप (व्हीस्विचवरचा एकाच सेटिंगचा पोर्टांचा गट) वगैरे सांगून मी उगाच घोळ वाढवला, असंही तुम्ही म्हणता. हे दोन्ही मला पटत नाही, आणि वाचणारे बरेच जण खरोखरीची सिस्टीम सांभाळतात, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा एकाच ईएसएक्सआय होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर) वेब सर्व्हर आणि डेटाबेस अशी दोन व्हीएम आहेत. व्हीस्विच एक, व्हीलॅनही (स्विचवरचा वेगळा आभासी नेटवर्क-विभाग) एक. त्यांच्या आपसातलं एकही पॅकेट केबलवर येत नाही, व्हीस्विच ते होस्टच्या मेमरीतच पोचवतो. मग केबलपलीकडच्या स्पॅन पोर्टला ते दिसणार कुठून? एका व्हीएममधून दुसरीला पिंग चालू ठेवा आणि स्पॅनवर वायरशार्क (पॅकेट बघायचं टूल) लावून बघा, काही येणार नाही. उद्या वेब सर्व्हरमध्ये कुणी घुसलं आणि तिथून डेटाबेस चाचपू लागलं, तर तुमच्या आयडीएसला (घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेला) पत्ताही लागणार नाही. पुढे डीआरएसनं (होस्टांवरचा भार आपोआप वाटणाऱ्या सोयीनं) एक व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवली की तेच ट्रॅफिक एकदम स्पॅनवर उगवतं आणि टीम 'हे नवीन काय' म्हणून शोधत बसते.

आता प्रॉमिस्क्युअस मोड. तो अख्ख्या व्हीस्विचवर 'अ‍ॅक्सेप्ट' केला की खालचे सगळे पोर्ट ग्रुप ती सेटिंग उचलतात. मग त्यातल्या कुठल्याही व्हीएमवर ज्याच्याकडे रूट (पूर्ण अधिकार) आहे, तो शेजारच्या व्हीएमचं ट्रॅफिक वाचू शकतो. स्टँडर्ड स्विचवर (एका होस्टपुरत्या साध्या व्हीस्विचवर) तो मुळात 'रिजेक्ट' असतो तो उगाच नाही. म्हणून म्हटलं होतं: त्याच व्हीस्विचवर, त्याच व्हीलॅनचा नवा पोर्ट ग्रुप करा, फक्त तिथे ओव्हरराइड करून 'अ‍ॅक्सेप्ट' द्या आणि त्यात एकटी मॉनिटरिंगची व्हीएम ठेवा. व्हीलॅन ४०९५ दिला तर तिला त्या स्विचवरचे सगळेच व्हीलॅन दिसतात. तिथे व्हीएम जोडायचा अधिकार मोजक्या माणसांकडेच हवा. ही नजर त्या एका होस्टपुरतीच, हेही ध्यानात ठेवा. डिस्ट्रिब्युटेड स्विच (अनेक होस्टांवर पसरलेला एकच व्हीस्विच) असेल तर सरळ त्याचं पोर्ट मिररिंग (ठरावीक पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत दुसरीकडे पाठवणं) वापरा.

होस्टवर ताण येतो, हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. प्रत्येक फ्रेमची प्रत काढावी लागते आणि मॉनिटरिंगची व्हीएम मागे पडली की पॅकेट गळतात. ईएसएक्सटॉपमध्ये (होस्टवरचा ताण दाखवणाऱ्या कमांडमध्ये) 'एन' दाबा, डीआरपीआरएक्सचा (घेताना गळलेल्या पॅकेटांचा) रकाना शून्यावर आहे ना ते बघा.

एखाद्याच व्हीएमचा घोळ शोधायचा असेल तर यातलं काहीच नको. ईएसएक्सआय ५.५ पासून पीकेटीकॅप-यूडब्ल्यू हे पॅकेट पकडायचं टूल होस्टवरच असतं. ईएसएक्सटॉपच्या त्याच पडद्यावरून व्हीएमचा पोर्ट आयडी घ्या, तो पीकेटीकॅप-यूडब्ल्यूला द्या आणि मिळालेली फाइल वायरशार्कमध्ये उघडा. दिशा सांगितली नाही तर एकाच बाजूचं ट्रॅफिक पकडलं जातं. दोन्ही बाजू एकदम घ्यायची सोय ६.७ पासून आहे. त्या फाइलमध्ये १५०० बाइटांहून बरीच मोठी पॅकेट दिसली तर लगेच एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) बदलायला जाऊ नका. टीएसओ (मोठ्या पॅकेटचे तुकडे करायचं काम नेटवर्क कार्डवर सोपवणारी सोय) चालू असताना तुकडे पुढे एनआयसीवर (नेटवर्क कार्डवर) पडतात, आणि एकाच होस्टवरच्या दोन व्हीएममध्ये बहुधा पडतच नाहीत.