चार बोटं

गावाचं नाव सांगत नाही. न्यूझीलंडच्या पार तळाशी, साउथलँडमध्ये, इन्व्हर्कार्गिलपासून गाडीने तासाभरावर, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पुढचं कोणाबद्दल आहे ते लगेच कळेल, कारण नर्सिंग शिकायला आलेली भारतीय मुलगी तिथे एकच आहे. आणि गेल्या मंगळवारी तिला बद्धकोष्ठ झालं होतं, हे गावाला आधीच माहीत आहे.

कॉलेजने क्लिनिकल प्लेसमेंटसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, मला तिथल्या वृद्धाश्रमात टाकलंय. पहाटेची ड्यूटी, आणि जेवायला चीज रोल. पावाच्या स्लाइसवर चीज आणि कांद्याच्या सुपाची पावडर थापायची, गुंडाळी करून भाजायची, वर लोणी. इथले लोक अभिमानाने त्याला 'सदर्न सुशी' म्हणतात. पहिल्या दिवशी मी तीन खाल्ले. चौथ्या दिवशी आईला फोन केला.

"इसबगोल घे," आई म्हणाली. "कोमट पाण्यातून."

इथे कुठलं आलंय इसबगोल, असं म्हणत फार्मसीत गेले, तर समोरच डबा. मेटाम्युसिल. संत्र्याच्या वासाचं इसबगोलच ते. जगातलं बहुतेक इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकतं, म्हणजे आमचा दोघांचा प्रवास साधारण सारखाच. किंमत रुपयांत करून बघायची नाही असा माझा नियम आहे. केली. त्याऐवजी गोळ्या घेऊ म्हटलं, आणि गोळ्या काउंटरच्या आत होत्या.

कराडला आमच्या मेडिकलवाल्याने असली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून, माझ्याकडे न बघता दिली असती. बारावीनंतर आम्ही मैत्रिणींनी एस. टी. स्टँडसमोर पथनाट्य केलं होतं, सॅनिटरी पॅडची काळी पिशवी फेका म्हणून. सगळ्यात मोठ्याने मी ओरडले होते. त्या दिवशी काउंटरपाशी मला ती पिशवी आठवली आणि गहिवरून आलं.

"तुझ्यासाठीच का?" फार्मसिस्ट म्हणाली. वाईट नव्हती बिचारी, फक्त तिला स्वच्छ, खणखणीत आवाज होता.

'पेशंटसाठी' म्हणता आलं असतं. पण नर्सिंगवाल्यांना खरी हिस्टरी द्यायची सवय लागते. मी मान हलवली.

"किती दिवस झाले?"

तोंडाने बोलायला नको म्हणून मी काउंटरच्या कडेशी, पोटाजवळ, हळूच चार बोटं धरली.

"चार!" माझ्या मागून आवाज आला.

वळून बघितलं. गमबूट, चिखल, अंगात नवऱ्याचा असावा असा लोकरी स्वेटर, वय ऐंशीच्या आसपास. साउथलँडमध्ये स्कॉटिश लोक येऊन वसले, म्हणून उरलेला देश गिळतो तो 'र' इथले जुने लोक अजून फिरवून म्हणतात. 'फोर'मधला तो र दुकानभर गडगडत गेला. मराठी माणसाला एरवी हा उच्चार माहेरचा वाटतो. त्या दिवशी नाही वाटला.

"वी ब्लॉकेज," त्या आजी मायेने म्हणाल्या. 'वी' म्हणजे इवलंसं, आणि इथे सगळंच 'वी' असतं. वी चहा, वी चक्कर, परवा एकाचं वी बायपास झालं.

शेजारी एक आजोबा कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या घ्यायला आले होते. म्हणजे त्यांच्या मशीनमध्ये त्या घटकेला बॅटरी नव्हती.

"काय चार?" ते म्हणाले.

"दिवस!" आजी ओरडल्या. "झालेली नाही! चार दिवस!"

"कोणाला?"

"या पोरीला! वृद्धाश्रमातली! इंडियन नर्स!"

आजोबांनी मला नीट न्याहाळलं. टोपी काढली. शप्पथ. आपल्याकडे मयतीला काढतात तशी.

मग आजींनी विषय हातात घेतला. आयुष्य मेंढ्यांत गेलेलं. या देशात माणसं पन्नास लाखांच्या थोडी वर आणि मेंढ्या दोन कोटींच्या वर, तेव्हा अनुभव कुठला जास्त असणार? मेंढीला औषध पाजायचं तर डोस कळपातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनावर धरायचा, हे त्यांनी मला समजावलं. आणि लगेच विचारलं, "तुझं वजन किती, बाळ?"

मी सांगितलं नाही. तेवढं एक मी वाचवलं. तर त्यांनी स्वतःच अंदाज केला, फार्मसिस्टने तो थोडा खाली आणला, आणि बॅटरीवाल्या आजोबांना तो ओरडून कळवण्यात आला.

"गोळ्या घे, पण रोज दोन किवी खा," आजी म्हणाल्या. "आपलं फळ आहे." आपलं म्हणजे मूळचं चीनचं. १९५९पर्यंत यांचेच लोक त्याला चायनीज गूसबेरी म्हणत, परदेशात विकायला अडचण यायला लागली तसं बारसं केलं. बाहेरून आलेल्याला इथलं व्हायला नाव बदलावं लागतं असं एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, पण पोटात चार दिवस अडकलेलं असताना माणसाने टोमणे मारू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर. आमचं पहिलं काम म्हणजे खोलीखोलीत जाऊन पोट साफ झालं का विचारायचं आणि तक्त्यात आकडा भरायचा. ब्रिस्टल स्टूल चार्ट, म्हणजे शौच कसं झालं त्याचे प्रकार, एक ते सात. एक नंबरचं वर्णन 'सुट्ट्या, कडक गाठी, दाण्यांसारख्या' असं करतात. मराठीत यालाच 'लेंड्या' असा नेमका शब्द आहे, आणि इतक्या मेंढ्या असलेल्या देशात माझ्याशिवाय तो कोणालाच येत नाही याचं वाईट वाटतं.

तीन नंबरच्या खोलीत गेले. "गुड मॉर्निंग, आज पोट साफ झालं का?"

"माझं झालं," आजी चष्मा लावत म्हणाल्या. "तुझं?"

पाच नंबरमध्ये तेच. नऊ नंबरच्या बाई गेले दोन महिने कोणाशी बोललेल्या नाहीत, चार्टवर तशी नोंद आहे. त्यांनी माझा हात धरला आणि "प्रून्स" म्हणाल्या. संध्याकाळी पेट्रोल पंपावर दूध घ्यायला थांबले. तिथला पंजाबी मुलगा हा गावातला दुसरा भारतीय. इतके दिवस नुसता 'हाय' करायचा. आज गल्ल्याखाली वाकला आणि म्हणाला, "दीदी, त्रिफला पडा है मेरे पास."

माझी सीनियर नर्स तर खूशच. लोकांनी मला आपलं मानलंय म्हणाली, आणि यावर छान रिफ्लेक्शन, म्हणजे अनुभवातून काय शिकले ते, लिही.

आता हसायचं थांबवून सांगते. पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकतात: पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. हेल्थ इन्फर्मेशन प्रायव्हसी कोड २०२०, परीक्षेला येतो. इथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२मध्येच अभ्यासक्रमात 'कल्चरल सेफ्टी' आणली. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या समाजातल्या, नर्सने मांडलेली कल्पना, की काळजी घेताना समोरच्याला सुरक्षित वाटलं की नाही हे घेणाऱ्याने नाही, ज्याची घेतली त्याने ठरवायचं. मला हे फार पटतं. मी यावर दोन हजार शब्द लिहून चांगले मार्क घेतलेत. पण माझी काळजी अख्ख्या गावाने घेतली तेव्हा ठरवायला मला कोणी विचारलं नाही. माझ्याबरोबर प्लेसमेंटला इथलीच एक मुलगी आहे. तिची फी माझ्या फीच्या पासंगालाही पुरणार नाही. तिलाही सर्दी-पडसं, पोटबिट असेलच की. ती गावात कुठेही जाते आणि नुसती ती असते. मी आधी 'ती इंडियन' होते, आता 'ती इंडियन, चार दिवस' आहे. वर सगळे इतके प्रेमाने करतात की रागवायचीही सोय नाही. रागावले तर 'ती रागीट इंडियन'.

शुक्रवारी गमबूटवाल्या आजी आश्रमात आल्या. त्यांचे यजमान बारा नंबरमध्ये असतात हे मला तेव्हा कळलं. कॉरिडॉरमध्येच त्यांनी मला गाठलं.

"आज त्याचं झालं का गं?"

वाटच बघत होते मी. पाठ ताठ केली. "माफ करा," म्हटलं, "पेशंटची खाजगी माहिती आहे. त्यांच्या परवानगीशिवाय मला सांगता येणार नाही."

आजी गप्प झाल्या. दोन सेकंद फार सुंदर गेले. मग त्यांनी बारा नंबरच्या दिशेने तोंड केलं. "ए! तुझं झालं का?"

"झालं!" आतून आवाज आला. "टाइप फोर!"

"शाब्बास!"

"आणि पोरीचं?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. तीन नंबरचं दार किलकिलं झालं. नऊ नंबरचंही. आजींच्या हातातल्या कागदी पिशवीत किवी होते, डझनभर तरी.

मी बारा नंबरच्या रकान्यात चार भरला, सही केली, आणि पिशवी घेतली.