नकाशावरचा पांढरा रंग

संकटग्रस्त प्रजातीच्या अधिवासाचा नकाशा समोर आला की आपली नजर साहजिकच रंगवलेल्या भागाकडे जाते. गेली काही वर्षे माझी नजर मात्र आधी पांढऱ्या भागाकडे वळते, आणि त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे.

एका दुर्मीळ कंदवर्गीय वनस्पतीच्या सर्वेक्षणात मी स्वयंसेवक म्हणून सहभागी झाले होते. सगळ्या परिसराचे एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले होते आणि प्रत्येक चौकोनात ठरलेल्या रेषेने चालत दोन्ही बाजूंची जमीन बारकाईने पाहायची, अशी पद्धत होती. प्रपत्रावर अक्षांश-रेखांश, तारीख, चालायला सुरुवात केल्याची आणि थांबल्याची वेळ, मातीचा प्रकार, उतार आणि शेवटी 'आढळली' किंवा 'आढळली नाही' असे रकाने होते. माझ्या गटाने चाळीस चौकोन पालथे घातले. तीन चौकोनांत वनस्पती सापडली, सदतीस चौकोनांत सापडली नाही, आणि त्या सदतीस 'नाहीं'साठी आम्ही तीन 'आहे'पेक्षा कितीतरी जास्त चाललो होतो. काही महिन्यांनी तयार नकाशा हाती आला तेव्हा त्यावर आमचे तीन ठिपके होते आणि बाकी सगळे पांढरे होते. आम्ही तासन् तास शोधलेले चौकोन आणि कोणी पाऊलही न ठेवलेले चौकोन अगदी एकाच पांढऱ्या रंगाचे होते. चौकशी केल्यावर कळले की माहिती संगणकावर चढवतानाच 'आढळली नाही'च्या सगळ्या ओळी गाळल्या गेल्या होत्या, कारण संकलनाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच ठेवलेला नव्हता.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट घरी ठेवलेल्या प्रपत्रांच्या प्रती चाळताना लक्षात आली. ही वनस्पती वर्षातले काही आठवडेच जमिनीवर पाने काढते आणि उरलेला काळ कंदाच्या रूपाने मातीत राहते. आमच्या सदतीसपैकी बारा चौकोनांतली तारीख पाने वाळून गेल्यानंतरची होती. म्हणजे त्या बारा ठिकाणी आम्ही शोधले होते हे खरे, पण दिसण्याजोगे काही असतेच तर ते त्या दिवशी दिसलेच नसते. ही तारीख प्रपत्रावर होती आणि नकाशावर नव्हती.

तेव्हापासून माझे असे स्पष्ट मत झाले आहे की संवर्धनासाठी केलेल्या कोणत्याही नकाशावर पांढरा रंग एकच असता कामा नये. योग्य काळात, पुरेसे शोधूनही प्रजाती सापडली नाही, ही एक गोष्ट झाली. तिथे कोणी गेलेच नाही, ही दुसरी. आणि परक्या आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन फैलावणाऱ्या प्रजातींच्या बाबतीत तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे जागा तिला सर्वस्वी मानवणारी आहे, फक्त ती अजून तिथे पोहोचलेली नाही. या तिन्हींवर एकच कोरा कागद पसरला, की निर्णय घेणाऱ्याला तिन्ही ठिकाणी 'काही नाही' असेच वाचायला मिळते, आणि मग तिथून रस्ता जातो, खाण निघते किंवा तिथली देखरेख थांबते.

हे होते कसे, ते समजण्यासाठी नकाशे कसे तयार होतात ते थोडे पाहावे लागेल. पर्यावरणशास्त्रज्ञ जी. ई. हचिन्सन यांनी १९५७ मध्ये प्रजातीच्या पर्यावरणीय कोनाड्याची जी कल्पना मांडली, ती अशी की तापमान, आर्द्रता, अन्न अशा अनेक अक्षांवर एखादी प्रजाती जिथे तग धरू शकते तेवढा अवकाश हा तिचा कोनाडा. आजची संगणकीय प्रारूपे हाच विचार पुढे नेतात. प्रजाती जिथे जिथे दिसली त्या ठिकाणांचे हवामान, उंची, माती, वनाच्छादन तपासायचे आणि तशीच परिस्थिती आणखी कुठे आहे ते शोधायचे. स्टीव्हन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅक्सएंट ही पद्धत जगभर रूढ झाली, याचे एक मोठे कारण असे की तिला केवळ 'आढळली' एवढ्याच नोंदी पुरतात. संग्रहालयांतले जुने नमुने, वनस्पतिसंग्रहातली पाने, हौशी निरीक्षकांची छायाचित्रे हे सगळे 'आढळली' याच प्रकारात मोडते, त्यामुळे ही सोय अमोल आहे आणि तिच्यामुळे असंख्य प्रजातींचे पहिले नकाशे तयार झाले, हे मी मनापासून मान्य करते.

पण अडचणही तिथेच आहे. माणसे जिथे सहज जाऊ शकतात तिथल्या नोंदी जास्त असतात. रस्त्याकडेला, शहरांच्या आसपास, संशोधन केंद्रांजवळ ठिपक्यांची गर्दी होते आणि दुर्गम उतार रिकामे राहतात. अशा नोंदींवर प्रारूप शिकले, तर ते प्रजातीची आवड शिकण्याऐवजी निरीक्षकांची वहिवाट शिकते. याला उपाय आहेत. प्रारूप 'आढळली'च्या ठिकाणांची तुलना ज्या इतर ठिकाणांशी करते, तीही निरीक्षक खरोखर गेले होते अशाच भागांतून निवडता येतात. पण त्यासाठी निरीक्षक कुठे गेले आणि रिकाम्या हाताने कुठून परतले हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते, आणि नेमके तेच गाळले जाते.

ते गाळावे लागत नाही, याचा पुरावा पक्षिनिरीक्षकांनी दिलेला आहे. कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि नॅशनल ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना एक साधा प्रश्न विचारला जातो. तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत नोंदवले आहेत का? उत्तर 'हो' असेल, तर यादीत नसलेला प्रत्येक पक्षी ही आपोआप 'आढळला नाही' अशी नोंद ठरते. सोबत किती वेळ आणि किती अंतर चाललात हेही विचारले जाते. लोकसहभागातून येणारी नोंद विज्ञानाच्या कामी येण्यासाठी या एका प्रश्नाने जे केले, ते मला कोणत्याही महागड्या उपकरणाच्या तोडीचे वाटते.

एकदा जाऊन न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे तर प्रत्येक निरीक्षकाला ठाऊक असते, पण त्याचा हिशेब मांडता येतो हे फार थोड्यांना माहीत असते. डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याची रीतसर पद्धत मांडली. समजा एखादी प्रजाती एखाद्या जागी आहेच, आणि एका भेटीत ती दिसण्याची शक्यता चाळीस टक्के आहे. तर एका भेटीत ती नजरेतून सुटण्याची शक्यता साठ टक्के झाली, सलग तीन भेटींत सुटण्याची सुमारे बावीस टक्के आणि पाच भेटींत सुटण्याची आठ टक्क्यांच्या आत. त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा जाणे कंटाळवाणे वाटते, नव्या जागा पाहण्याचा मोह होतो, आणि तरीही या आकड्यांमुळे मला पुन्हा जाण्याचे मोल पटले. 'नाही' हा शब्द किती भरवशाचा आहे, ते भेटींच्या संख्येवर ठरते.

पांढऱ्या चौकोनांचा परिणाम थेट प्रजातीच्या दर्जावर होतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीसाठी व्याप्त क्षेत्र मोजताना साधारणपणे दोन किलोमीटर बाजूचे चौकोन वापरतात, म्हणजे एक चौकोन चार चौरस किलोमीटरचा. हे क्षेत्र दहा चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि सोबतच्या अटीही पूर्ण होत असतील, तर प्रजाती अतिसंकटग्रस्त ठरू शकते. दोन चौकोनांत नोंद असेल तर क्षेत्र आठ भरते आणि तिसऱ्या चौकोनात सापडली की बारा. एका न शोधलेल्या चौकोनाने वर्ग बदलू शकतो, आणि वर्गाबरोबर निधी, कायदेशीर संरक्षण, लोकांचे लक्ष असे सगळेच बदलू शकते.

आक्रमक प्रजातींकडे वळले की तिसऱ्या प्रकारचा पांढरा रंग पुढे येतो, आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. उसावरच्या भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी १९३५ मध्ये हवाई बेटांवरून शंभरच्या आसपास केन टोड जातीचे भेक ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये आणले गेले. भुंगेरे आटोक्यात आले नाहीत, भेक मात्र पश्चिमेकडे सरकत राहिले, २००१ मध्ये काकडू राष्ट्रीय उद्यानात आणि २००९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचले. या पसाऱ्याच्या आघाडीवरच्या भेकांचे पाय मागच्यांपेक्षा लांब असतात, असेही संशोधकांना आढळले. त्यांच्या प्रवासातल्या कोणत्याही एका वर्षीचा नकाशा घेतला, तर पुढचा सगळा प्रदेश पांढराच दिसणार, आणि 'इथे भेक नाहीत' हे विधान त्या वर्षापुरते खरेही असणार. केवळ मूळ प्रदेशातल्या नोंदींवर भविष्यवाणी करावी तर तीही फसते. युरोपातल्या नोंदींवर आधारलेले स्पॉटेड नॅपवीड या तणाचे प्रारूप त्याच्या उत्तर अमेरिकेतल्या फैलावाला लागू पडत नाही, असे २००७ मध्ये दाखवले गेले, कारण नव्या भूमीवर ती वनस्पती वेगळ्याच हवामानातही रुजली होती. म्हणून आक्रमक प्रजातीच्या नकाशात मूळ आणि नव्या अशा दोन्ही प्रदेशांतल्या नोंदी धराव्यात, आणि 'अजून पोहोचलेली नाही' असा भाग ठळक वेगळ्या रंगात दाखवावा. देखरेखीचा पैसा आधी तिथे गेला पाहिजे, कारण चार रोपे उपटणे शक्य असते आणि चार हजार हेक्टर साफ करणे बहुधा शक्य नसते.

उपग्रहांनी हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. लँडसॅटच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा २००८ पासून सर्वांना विनामूल्य मिळू लागल्या आणि त्याने या क्षेत्राचे रूप पालटले, हे खरे आहे. अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमधले चीटग्रास हे परके गवत वसंताच्या प्रारंभी स्थानिक झुडपांच्या आधी हिरवे होते आणि आधीच वाळते, म्हणून योग्य आठवड्यातली प्रतिमा घेतली तर ते आकाशातून वेगळे ओळखू येते. पण महिन्याभराने घेतलेली प्रतिमा तेवढे सांगत नाही. म्हणजे तारखेचा प्रश्न तिथेही आहेच. आणि घाणेरीसारखे झुडूप झाडांच्या छताखाली वाढते, तिथे वरून फक्त छत दिसते. भारतातील वाघांच्या प्रदेशात घाणेरीने सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र व्यापले असल्याचा २०२० सालचा अंदाज जमिनीवर पायी घेतलेल्या नोंदींच्या आधारे बांधलेला होता.

न दिसल्याच्या नोंदी किती बोलक्या असू शकतात, हे पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर दिसले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले वनपक्षी हळूहळू नाहीसे होऊ लागले. कीटकनाशके असतील, एखादा रोग असेल, असे अंदाज झाले. ज्युली सॅव्हिज यांनी पक्षी कोणत्या भागातून केव्हा दिसेनासे झाले याची मांडणी केली, तेव्हा ही रिकामी जागा दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरत गेल्याचे दिसले, आणि मालवाहतुकीबरोबर बेटावर आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाचा फैलावही त्याच मार्गाने झालेला होता. त्यांचा निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. संकटग्रस्त पक्ष्यांचा नकाशा एका कपाटात आणि सापाचा दुसऱ्या कपाटात राहिला असता, तर हे कोडे आणखी किती वर्षे तसेच राहिले असते कोण जाणे. दोन्ही नकाशे एकाच कागदावर, एकाच मापात आणि तारखांसह काढले जावेत, हा माझा आग्रह या उदाहरणामुळे पक्का झाला. वेळीच पकडून बंदिवासात वाढवलेल्या ग्वाम रेल या पक्ष्याला तेव्हा सापमुक्त असलेल्या कोकोस बेटावर आणि रोटा बेटावर सोडण्यात आले, आणि २०१९ मध्ये त्याचे नाव 'वन्य अवस्थेत नामशेष' या वर्गातून बाहेर आले. त्याला कुठे सोडायचे हे ठरवतानाही साप नसलेल्या जागेची खात्री लागलीच होती.

सगळेच उघड करावे असे मात्र मी म्हणत नाही. १९९९ मध्ये गोनियुरोसॉरस लुई या पालीचे शास्त्रीय वर्णन ठिकाणासह प्रसिद्ध झाले आणि संग्राहकांनी तिला त्या ठिकाणाहून पार संपवले. याउलट ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये सापडलेल्या वॉलेमी पाइनची जागा आजही गुप्त ठेवली जाते, कारण तिथली प्रौढ झाडे शंभराच्याही आत आहेत आणि पाहुण्यांच्या बुटांच्या मातीतून येणारी बुरशीसदृश रोगजंतूंची लागणही त्यांना पुरेशी आहे. अशा जागा जाहीर नकाशावर जाणूनबुजून अंधूक कराव्यात, पण अंधूक केल्याचे सांगावे, आणि जमिनीचा निर्णय घेणाऱ्यांकडे नेमका नकाशा असावा. आक्रमक प्रजातींच्या नोंदी मात्र लपवण्याचे काहीच कारण नाही.

पुढच्या हंगामात त्या बारा चौकोनांत मी पुन्हा गेले, पाने निघण्याच्या आठवड्यांत आणि प्रत्येक चौकोनात तीनदा. दहा चौकोनांत काही मिळाले नाही. दोन चौकोनांत खडकाच्या भेगेत साचलेल्या मूठभर मातीतून बोटभर रुंदीची चकचकीत पाने वर आलेली दिसली, एका ठिकाणी चार आणि दुसऱ्या ठिकाणी अकरा. त्या दोन नोंदी मी पाठवल्या, आणि त्यांच्याबरोबर 'आढळली नाही'ची पस्तीस प्रपत्रेही तारखा आणि चाललेल्या वेळांसह पुन्हा पाठवली. या वेळी तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना करून घेतला आहे.