‘समुद्रच वाळू परत देतो’ हे अर्धसत्य आहे

हरिकेनच्या, म्हणजे अमेरिकेकडच्या समुद्री चक्रीवादळांच्या, मोसमात एक संदेश हमखास फिरतो: ‘वादळाने नेलेली वाळू समुद्र काही महिन्यांत परत आणतो. पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य, श्रेणीच्या वादळाने किनाऱ्याचं काही बिघडत नाही. भिंत बांधली की चिंता मिटली.’ अशा भरवशावर लोक समुद्राकाठी घरं बांधतात, म्हणून एकेक विधान तपासू.

वाळूबद्दलच्या विधानात तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. वादळी लाटा पुळणीची वाळू ओढून उथळ पाण्यात नेतात, तिथे तिचा दांडा तयार होतो आणि पुढे संथ लाटा ती हळूहळू परत लोटतात. पण फार खोल गेलेली वाळू येत नाही. वाळूच्या टेकड्या ओलांडून मागच्या खाडीत पडलेलीही पुळणीवर येत नाही. (ती वायाही जात नाही: अरुंद बेटं अशीच मागे सरकत तग धरतात. मध्ये रस्ते आणि घरं आली की ही वाट अडते.) शिवाय टेकडी पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात, कारण वाऱ्याने कण आणायचे आणि गवताने ते धरून ठेवायचे. २००५ मध्ये कतरिना वादळाने अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या शँडेलूर बेटांची सुमारे ८५ टक्के जमीन नेली. ती बेटं पूर्ववत झाली नाहीत.

श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पाणी किती चढेल ते नाही. २०१२ मध्ये सँडी वादळ अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याला धडकलं तेव्हा वारे पहिल्याच श्रेणीचे होते. पण वादळाचा पसारा अवाढव्य होता आणि त्या दिवशी पौर्णिमेची भरती होती. तिथल्या मँटोलोकिंग गावी समुद्र जमीन फोडून थेट खाडीला मिळाला.

राहिली भिंत. १९०० च्या वादळात अमेरिकेतल्या टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन शहरात हजारो माणसं मेली. त्यानंतर बांधलेल्या भिंतीने १९१५ च्या वादळात शहर सावरलं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तिच्यासमोरची पुळण झिजत गेली आणि तिथे बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. भिंत किनाऱ्याला मागे सरकू देत नाही, मागची वाळूही पुढे येऊ देत नाही.

मँटोलोकिंगशेजारच्या बे हेड गावाचं उदाहरण भिंतीच्या बाजूने दिलं जातं. तिथे सँडीत नुकसान बरंच कमी झालं, ते १८८२ च्या दगडी भिंतीमुळे. मात्र ती भिंत वाळूच्या टेकडीच्या पोटात गाडलेली होती. लाटांनी आधी वर्षानुवर्षं साठलेली वाळू कापली, मग कुठे त्या दगडांपर्यंत पोचल्या.