पिनाटुबो ज्वालामुखीच्या नावाने फिरणारा मेसेज खोटा

‘पिनाटुबोच्या एका स्फोटाने माणसाने आजवर सोडला नाही एवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, मग कोळशावर निर्बंध कशाला?’ असा मेसेज फिरतोय. हिशेब साफ उलटा आहे. १९९१ साली फिलिपिन्समधल्या त्या उद्रेकातून सुमारे ५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघाला. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण वर्षाला ३,५०० कोटी टनांहून जास्त सोडतो. म्हणजे एक पिनाटुबो साधारण अर्ध्या दिवसात!

गंमत म्हणजे त्या स्फोटाने पृथ्वी तापली नाही, वर्षभर जवळपास अर्ध्या अंशाने निवली. वर गेलेल्या गंधकाच्या वायूचं धुकं झालं, त्याने ऊन अडवलं, आणि दोन-तीन वर्षांत ते खाली बसलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेच्या नोंदींत तर त्यानंतर कार्बन डायऑक्साइडची वाढ काही काळ मंदावलेलीच दिसते.