बिट मोजणारा लूप आणि स्टँडर्ड लायब्ररी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. अनसाइन्ड (म्हणजे ऋण न होणाऱ्या) संख्येतील एक असलेले बिट (० किंवा १ हे अंक) मोजण्यासाठी सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या सी++२० आवृत्तीतील पॉपकाउंट हे तयार फंक्शन वापरावे, या माझ्या मतावर आपले दोन आक्षेप आहेत. पाच ओळींचा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) कुठेही चालत असताना तयार फंक्शनांची लायब्ररी कशाला, हा पहिला; आणि तालुक्याच्या कॉलेजांतील जुन्या संगणकांवर तिचा वेग मिळणार नाही, हा दुसरा.

दुसरा आक्षेप वेगापुरता रास्त आहे. प्रोसेसरमध्ये बिट मोजण्याची स्वतंत्र सूचना असेल आणि कंपायलरला (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) तिची मुभा दिली असेल, तरच ती वापरली जाते. एरवी तेच उत्तर साध्या गणिताने काढले जाते. उत्तरात फरक पडत नाही.

माझा आग्रह मुळात वेगासाठी नाही. वरुडकडच्या एखाद्या संत्र्याच्या बागेत ठिबकचे आठ व्हॉल्व्ह आहेत आणि त्यांची स्थिती आठ बिटांच्या अनसाइन्ड चलात ठेवली आहे, असे धरू. ०००००१११ म्हणजे तीन व्हॉल्व्ह चालू. बंद किती, हे काढण्यासाठी सगळे बिट उलटे करून ती संख्या आपल्या लूपच्या फंक्शनला दिली, तर उत्तर ५ न येता २९ येते. बिट उलटण्याआधीच भाषेच्या नियमाने त्या चलाचे इंट (साइन्ड, म्हणजे ऋणही होऊ शकणारा पूर्णांक) होते, आजच्या बहुतेक यंत्रांवर ते ३२ बिटांचे असते, त्यामुळे वरची २४ शून्येही एक होतात, आणि अनसाइन्ड इंट घेणारे आपले फंक्शन ही संख्या मुकाट्याने स्वीकारते. आपल्या लूपच्या तर्कात काहीही चूक नाही, म्हणूनच ही चूक शोधताना विद्यार्थ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

पॉपकाउंट साइन्ड प्रकार घेतच नाही, त्यामुळे कंपायलर त्याच ओळीवर अडवतो. उलटलेली संख्या पुन्हा आठ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात आणली की उत्तर ५ येते.

शून्याचेही तसेच आहे. संख्येच्या डावीकडच्या टोकाची शून्ये मोजणाऱ्या, जीसीसी या कंपायलरच्या जुन्या अंगभूत फंक्शनला शून्य दिले, तर उत्तर काय येईल याची हमी नाही. तेच काम करणारे सी++२० चे फंक्शन आठ बिटांच्या शून्यासाठी नेमके ८ देते.

वर्गात लूप जरूर शिकवावा. संख्येतून एक वजा करून मूळ संख्येशी अँड (दोन्हींत एक असलेला बिटच एक ठेवणे) करण्याची, पीटर वेग्नर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली रीतही शिकवावी, कारण तिच्यात जितके बिट एक असतील तितक्याच फेऱ्या होतात. मात्र त्यानंतर हेच व्हॉल्व्हचे गणित मुलांना लूपने आणि पॉपकाउंटने, अशा दोन्ही प्रकारे करायला द्यावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे.