घाबरलेला माणूस खुर्चीत बसला तर बिघडलं कुठे?

एका मित्राने आज 'डेझिग्नेटेड सर्व्हायव्हर' या अमेरिकन मालिकेबद्दल लिहिलं, "असला बुळा माणूस राष्ट्राध्यक्ष? काहीही दाखवतात." तेव्हापासून डोकं तापलंय.

बुळा? स्टेट ऑफ द युनियनच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या संसदेपुढच्या वार्षिक भाषणाच्या रात्री कॅपिटॉल, म्हणजे संसद भवन, स्फोटात उडतं. राष्ट्राध्यक्षांसकट जवळजवळ सगळं सरकार संपतं. सुरक्षित जागी वेगळा ठेवलेला गृहनिर्माण मंत्री टॉम कर्कमन उरतो. असा एक मंत्री बाजूला ठेवायची पद्धत अमेरिकेत शीतयुद्धापासून खरोखरच आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसांच्या यादीत गृहनिर्माण मंत्र्याचा नंबर १३ वा, म्हणजे पाळी येणारच नाही असा. त्यात कर्कमनला त्याच सकाळी मंत्रिपदावरून हलवून कॅनडात माँट्रिअलला, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेत धाडायचं घाटत होतं. नको झालेला माणूस! शपथ घेतल्यावर तो व्हाइट हाउसच्या बाथरूममध्ये जाऊन ओकतो. आत कोण आहे याची कल्पना नसलेला भाषणलेखक सेथ त्यालाच सांगतो, कर्कमनने पायउतार व्हावं.

तो प्रसंग बघताना मला आमच्या ऑफिसातल्या बाई आठवल्या. साहेब अचानक गेले आणि त्यांच्या टेबलाची जबाबदारी बाईंवर पडली. पहिल्याच मीटिंगला कुणीतरी मुद्दाम अडचणीचा प्रश्न टाकला. बाईंनी हातातली फाइल घट्ट धरली होती, कडा चुरगळेपर्यंत. म्हणाल्या, "मला माहीत नाही. उद्या सांगते." दोघं-तिघं हसले. चीड येते अजून.

आपल्याला छाती पुढे काढून बोलणारा हवा असतो. खोटं बोलला तरी चालेल, पण अडखळायचं नाही! मालिकेतल्या जनरल कॉक्रेनला कुठे शंका होती? तो पहिल्या रात्रीपासून हल्ल्याच्याच गोष्टी करतोय. ओकून आलेला माणूस मात्र इराणच्या राजदूताला समोर बसवतो आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतल्या युद्धनौका मागे घ्यायला लावतो. यातला बुळा कोण?

मान्य, पुढे मालिका कटकारस्थानांत वाहवत गेली, दुसऱ्या सीझननंतर वाहिनीने ती बंद केली यात नवल नाही. आणि निवडून न आलेल्याच्या हाती सगळी सत्ता, हेही खटकतंच.

पण हे अवास्तव आहे असं म्हणू नका. १२ एप्रिल १९४५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले, तेव्हा ट्रुमनना उपाध्यक्ष होऊन ३ महिनेही झाले नव्हते. अणुबॉम्बचं सगळं प्रकरण त्यांना खुर्चीत बसल्यावर समजलं. जेराल्ड फोर्ड तर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, ना त्या पदासाठी निवडून आलेले, ना उपाध्यक्षपदासाठी.

आमच्या बाई दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आल्या. कागदावर मुद्दे लिहून आणले होते, आवाज तेव्हाही कापत होता. हसणाऱ्यांपैकी एकाने तो कागद मागून घेतला. पुढे त्या टेबलावरचं काम कधी अडलं नाही, आणि "माहीत नाही" म्हणायला आम्हीही तिथे कचरेनासे झालो. अभिनेता किफर सदरलँडने कर्कमनच्या चेहऱ्यावर तेच धरलंय, चष्म्याआडची ती गांगरलेली, पण समोरच्याचं नीट ऐकणारी नजर. मला तो माणूस फार आवडतो.

मित्रा, रागावून लिहिलं खरं, पण एक कर. पहिला भाग पुन्हा लाव आणि राजदूताच्या प्रसंगापर्यंत मध्येच उठू नकोस. मग ये भांडायला.